पडदा काळा, आवाज चालू

रिमोटने चॅनेल बदलतो, आवाज लहानमोठा होतो, बातम्या नीट ऐकू येतात. पडदा मात्र काळाकुट्ट. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे ही तक्रार नेहमीची आहे. फोनवर ती सांगताना बहुतेक जण म्हणतात, "टीव्ही बंद पडलाय." खरं तर तो बंद पडलेला नसतो. आवाज येतोय म्हणजे संचाचा बराच मोठा भाग शाबूत आहे, आणि कोणता भाग शाबूत आहे हे तो आवाजच सांगतो. हा पुरावा नीट वाचता आला, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेताही बिघाड दोन-तीन जागांपर्यंत आणून ठेवता येतो. मग मेकॅनिक काय बदलायचं म्हणतोय आणि कशाचे पैसे मागतोय, हेही कळतं.

आवाज काय सांगतो

सपाट टीव्हीचं मागचं झाकण काढलं तर आत फार गर्दी दिसत नाही. साधारण तीन छापील पाट्या असतात. पहिली वीजपुरवठ्याची, म्हणजे पॉवर सप्लाय. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती इतर भागांना हवी तशी करून देते. दुसरी मुख्य पाटी, जिला मेकॅनिक सरसकट मदरबोर्ड म्हणतात. डिश, केबल, अँटेना, पेनड्राइव्ह किंवा इंटरनेट यांपैकी जिथून कार्यक्रम येतो तिथून तो घेऊन उलगडायचं काम हिचं. तिसरी लहानशी पाटी टीकॉनची, म्हणजे टायमिंग कंट्रोलरची. काही संचांत ती मुख्य पाटीतच किंवा पॅनेलच्या कडेच्या पट्टीतच सामावलेली असते. त्यापुढे पॅनेल, आणि पॅनेलच्या मागे त्याला उजेड पुरवणारी बॅकलाइट.

मदरबोर्डवर आवाज आणि चित्र यांच्या वाटा वेगळ्या होतात. आवाज अॅम्प्लिफायरच्या चिपमधून थेट स्पीकरला जातो; ही वाट आखूड आणि सोपी. चित्राची वाट लांब. ते चपट्या केबलने टीकॉनकडे जातं. टीकॉन ते ओळींत आणि स्तंभांत वाटून पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या बारीक चिपांकडे पाठवतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळजवळ २० लाख ७४ हजार ठिपके असतात, आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. या सगळ्यांना सेकंदाला निदान ५०-६० वेळा नवा हुकूम द्यावा लागतो. शिवाय मागे उजेड नसेल तर हे सगळं वाया.

म्हणून आवाज येत असेल तर इतकं नक्की धरावं : घरातली वीज संचात पोचते आहे, पॉवर सप्लाय निदान मदरबोर्डापुरता चालतो आहे, मदरबोर्डचा प्रोसेसर जागा झाला आहे, त्याचं सॉफ्टवेअर चढलं आहे आणि बाहेरून कार्यक्रमही येतो आहे. संशयित उरले ते एवढेच : बाहेरची वायर किंवा एखादी सेटिंग, बॅकलाइट आणि तिला वीज देणारं सर्किट, टीकॉन आणि त्याची केबल, पॅनेल, आणि मदरबोर्डचा चित्र बाहेर पाठवणारा भाग. आवाजही नसता तर ही यादी कितीतरी लांबली असती.

आधी संचाबाहेर बघा

पहिली परीक्षा रिमोटवरच्या मेनू किंवा सेटिंगच्या बटणाची. मेनू टीव्ही स्वतः तयार करतो. सेट-टॉप बॉक्सशी त्याचा संबंध नसतो. मात्र बटण टीव्हीच्या रिमोटचंच दाबायचं, बॉक्सच्या रिमोटचं नाही. मेनू स्वच्छ दिसला तर टीव्ही निर्दोष आहे. दोष बॉक्समध्ये, वायरमध्ये किंवा दोघांच्या जुळणीत शोधायचा.

आपल्याकडे अजून कितीतरी घरांत बॉक्स आणि टीव्ही तीन पिनांच्या एव्ही वायरने जोडलेले असतात. त्यातली पिवळी पिन चित्राची. लाल आणि पांढरी आवाजाच्या. झाडलोट करताना बॉक्स सरकला आणि पिवळी पिन ढिली झाली, की आवाज येत राहतो आणि पडदा काळा होतो. पिवळी पिन चुकून शेजारच्या भोकात खोचली तरी तेच. यात टीव्हीचा काहीच दोष नसतो.

एचडीएमआयच्या वायरीत आवाज आणि चित्र एकत्रच येतात, त्यामुळे तिथे निम्मा बिघाड तुलनेने कमी. तरीही जुना टीव्ही आणि नवा बॉक्स अशी जोडी असेल आणि बॉक्स टीव्हीला न पेलणाऱ्या रिझोल्यूशनवर लावलेला असेल, तर चित्र गायब होऊ शकतं. कॉपी होऊ नये म्हणून वायरीतून जाणाऱ्या चित्राला कुलूप घातलेलं असतं. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ओळखलं नाही तरी पडदा रिकामा राहतो. वायर दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावून बघावी, शक्य असल्यास वायरच बदलावी.

आणखी दोन शक्यता विचारात घ्याव्यात. डिशवर रेडिओची चॅनेलं असतात. त्यातलं एखादं लागलं असेल तर चित्र येणारच नाही. आणि अनेक नव्या संचांत, गाणी ऐकताना वीज वाचावी म्हणून, फक्त पडदा बंद ठेवायची सोय असते. लहान मुलाच्या हातून ती चालू झाली की घरभर धावपळ. सहसा रिमोटचं कोणतंही बटण दाबलं की पडदा परत उजळतो. यानेही काही झालं नाही, तर टीव्हीचा प्लग भिंतीतून काढून काही मिनिटं थांबावं आणि पुन्हा लावावा. रिमोटने बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद नसतो, म्हणून प्लगच काढायला हवा. स्मार्ट टीव्हीत सॉफ्टवेअर अडकलं असेल तर ते बऱ्याचदा एवढ्यानेही सुटतं.

टॉर्चची परीक्षा

मेनूही दिसत नसेल तर खरी तपासणी सुरू होते. तिला लागतो फक्त मोबाइलचा टॉर्च.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायची. 'एलईडी टीव्ही' म्हणून विकला जाणारा संच हा मुळात एलसीडीच असतो, आणि त्यातली द्रव-स्फटिकं स्वतः प्रकाश देत नाहीत. १८८८ साली फ्रीड्रिख राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ वितळताना विचित्र वागताना दिसला. एका तापमानाला तो गढूळ द्रव झाला आणि आणखी तापवल्यावर स्वच्छ. त्या मधल्या अवस्थेतले रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकासारखे एका दिशेने रांगेतही राहतात. विजेचा दाब दिला की रांगेची दिशा बदलते. पडद्यात असा थर दोन काचांच्या मध्ये असतो आणि बाहेरून दोन्ही बाजूंना पोलरायझरचा पापुद्रा. रेणू एका दिशेला वळले तर प्रकाश पार होतो, दुसऱ्या दिशेला वळले तर अडतो. म्हणजे पॅनेल फक्त उजेड अडवायचं किंवा सोडायचं काम करतं. उजेड मागून यावा लागतो, आणि तो गेला तर चित्र तयार होत असूनही डोळ्यांना दिसत नाही.

हेच तपासायचं. रात्री खोलीतले दिवे बंद करा. टीव्ही लावून मेनू उघडा, कारण मेनूतली ठळक अक्षरं हलत नाहीत. आता टॉर्च काचेच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि पडद्यावर हळूहळू फिरवत बाजूने बघा. अक्षरं पुसट का होईना दिसली, तर निदान जवळजवळ झालंच : मदरबोर्ड, टीकॉन आणि पॅनेल तिन्ही चालू आहेत, गेलाय तो उजेड. अक्षरं पुसट दिसण्याचं कारण असं, की मागून येणाऱ्या प्रकाशापैकीही जेमतेम पाच ते दहा टक्के पॅनेल पार करतो. टॉर्चचा प्रकाश तर आत जातो, मागच्या पांढऱ्या थरांवरून उलटतो आणि त्याच पॅनेलमधून पुन्हा बाहेर येतो. म्हणून खोली खरोखर अंधारी हवी आणि घाई नको. एका कोपऱ्यात काही दिसलं नाही म्हणून परीक्षा सोडू नये.

ही युक्ती ओएलईडी संचांना लागू पडत नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे बॅकलाइट नसतेच. असा संच काळा पडला तर टॉर्चने काही कळणार नाही.

उजेड का जातो

सुरुवातीच्या एलसीडी टीव्हींत पडद्यामागे पेन्सिलीहून बारीक ट्यूबलाइटी असत, आणि त्यांना जास्त व्होल्टेज पुरवायला इन्व्हर्टरची वेगळी पाटी. पुढे त्यांची जागा पांढऱ्या एलईडींनी घेतली. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा पिवळसर फॉस्फरचा लेप निळ्याचं पांढऱ्यात रूपांतर करतो. कार्यक्षम निळा एलईडी घडवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज घराघरांतला पडदा त्याच शोधावर उजळतो.

हे एलईडी अॅल्युमिनियमच्या लांब पट्ट्यांवर बसवलेले असतात. मेकॅनिक त्यांना स्ट्रिप म्हणतात. एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, काही प्रकारांना ६. समजा एका पट्टीवर ३ व्होल्टचे १० एलईडी आणि अशा तीन पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या. तर सगळ्यांना मिळून ९० व्होल्ट लागणार. गोम या एकामागे एक जोडणीतच आहे. गणपतीच्या मखराला लावायच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची, इथेही तसंच. तीस एलईडींपैकी एक तुटला की प्रवाहाची वाट बंद होते आणि सगळा पडदा अंधारतो. घरी ऐकू येतं, "अख्खा टीव्हीच गेला." प्रत्यक्षात गेलेला असतो तो तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग.

या बिघाडाची एक खूण मेकॅनिकला फोनवरही ओळखता येते : टीव्ही लावल्यावर सेकंद-दोन सेकंद चित्र चमकतं आणि जातं, आवाज चालू राहतो. बॅकलाइटचं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, पट्ट्यांना वीज द्यायचा प्रयत्न करतं; प्रवाह नीट वाहत नाही हे लक्षात आल्यावर स्वतःला बंद करून घेतं. ही त्याची संरक्षणाची सोय आहे. काही कंपन्यांचे संच अशा वेळी आवाजही बंद करतात आणि पुढचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून बिघाडाचा क्रमांक सांगतात. तो लुकलुकाट मोजून सांगितला तर मेकॅनिकचा वेळ वाचतो.

पट्ट्या जाण्याआधी बरेचदा इशारे देतात. पडद्यावर गोल पांढरे ठिपके दिसू लागले, तर एलईडीवरची छोटी भिंगं डिंक सुटून गळून पडली आहेत. चित्र जांभळट-निळसर झालं, तर फॉस्फरचा लेप खराब झाल्याने आतला निळा प्रकाश तसाच बाहेर येतो आहे. अशा वेळी रंगाच्या सेटिंगशी झटापट करून उपयोग नाही.

याचं मूळ कारण बहुतेक वेळा उष्णता. दुकानात पडदा झगझगीत दिसावा म्हणून 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड लावलेला असतो आणि घरीही तोच राहतो. एलईडीतून जितका जास्त प्रवाह, तितकी उष्णता जास्त आणि आयुष्य कमी. इथे एक बारकावा आहे. अनेक संचांत 'ब्राइटनेस' कमी केल्याने फक्त चित्रातला काळा भाग आणखी काळा होतो. एलईडीतला प्रवाह 'बॅकलाइट' नावाच्या सेटिंगने ठरतो. म्हणून कमी करायची ती बॅकलाइट. रात्री मंद दिव्यात बघायला ती निम्मीही पुष्कळ होते. तसंच टीव्ही कोनाड्यात किंवा भिंतीला अगदी चिकटवून बसवू नये. मागून वारा खेळायला हवा.

उजेड आहे, पण चित्र नाही

टॉर्चने काहीच दिसलं नाही, तर आणखी एक गोष्ट बघायची. अंधाऱ्या खोलीत टीव्ही बंद असताना पडदा बघा, मग चालू करून बघा. चालू केल्यावर काळ्यावर राखाडी झाक आली किंवा कडांतून उजेड झिरपताना दिसला, तर बॅकलाइट लागते आहे. चित्रच पॅनेलपर्यंत पोचत नाही. संशय टीकॉनकडे, त्याच्या केबलकडे किंवा पॅनेलकडे वळतो.

टीकॉनला मोठ्या संचांत बहुधा १२ व्होल्ट मिळतात, लहान संचांत कधी ५. त्यातून तो पॅनेलला लागणारे अनेक वेगवेगळे व्होल्टेज तयार करतो, शून्याच्या खालचेसुद्धा. वाटेत एक बारीक फ्यूज असतो. तो उडाला की पॅनेल मुकं होतं. पण फ्यूज उगाच उडत नाही. पॅनेलच्या आत कुठे शॉर्ट असेल तर नवा फ्यूजही उडतो. म्हणून जाणता मेकॅनिक पॅनेलला जाणारी एका बाजूची केबल काढून संच लावून बघतो. उरलेल्या अर्ध्या पडद्यावर चित्र आलं, तर टीकॉन बरा आहे आणि दोष काढलेल्या बाजूच्या पॅनेलमध्ये आहे.

कधी फक्त चपटी केबल ढिली झालेली असते. विशेषतः घर बदलताना, हादऱ्यांनंतर. कोकणपट्टीतली दमट, खारट हवा जोडणीच्या टोकांवर गंज धरवते. टीव्हीच्या मागच्या जाळीतून पाल, झुरळं, मुंग्या आत शिरतात, आणि पाटीवर दोन टोकांमध्ये अडकलेली पाल शॉर्ट घडवू शकते. आणखी एक घरगुती कारण ओल्या फडक्याचं. पडद्यावर पाणी फवारून पुसलं की थेंब ओघळून खालच्या चौकटीत जातो, आणि बऱ्याच संचांत पॅनेलच्या नाजूक चिपा नेमक्या तिथेच असतात. पडदा कोरड्या, मऊ फडक्याने पुसावा. डाग असेल तर फडकं जेमतेम ओलसर करावं.

ज्यांनी डबा टीव्हीचा काळ बघितला आहे त्यांना टीव्हीला थापटी मारायची सवय असते. त्या टीव्हीत आत सुटलेली एखादी सोल्डर थापटीने तात्पुरती जुळायची आणि चित्र यायचंही. इथे पॅनेलच्या दोन काचा मिळून जाडी फार तर दीड मिलिमीटर असते. थापटीने चित्र येणं दूरच, काच तडकून बिघाड दुरुस्तीपलीकडे जाईल.

झाकण कोणी उघडावं

इथवरचं सगळं झाकण न उघडता करता येतं, आणि तिथेच थांबावं. २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की सुमारे ३२५ व्होल्ट होतात. मोठ्या संचांत हा आकडा आणखी वर चढतो. ही वीज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहू शकते. बॅकलाइटच्या वायरीतही मोठ्या टीव्हीत शंभराच्या वर व्होल्ट असू शकतात. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडल्याने तीही हातची जाते.

मेकॅनिक आत काय करतो हे माहीत असावं. तो बॅकलाइटच्या कनेक्टरवर मीटर धरून टीव्ही लावतो. व्होल्टेज वर जाऊन लगेच पडलं, तर ड्रायव्हर जागा आहे आणि पट्टी तुटली आहे. व्होल्टेज चढतच नसेल, तर मदरबोर्डकडून 'बॅकलाइट लाव' हा इशारा येतो का ते तपासतो. इशारा येत असेल तर दोष ड्रायव्हरचा, नसेल तर मदरबोर्डचा. फुगलेले कपॅसिटर डोळ्यांनीच दिसतात. पट्ट्या वेगळ्या तपासायला बॅकलाइट टेस्टर नावाचं छोटं यंत्र मिळतं. ते लावलं की कोणता एलईडी गेला ते तिथेच दिसतं.

पैसे कशाचे, किती दिवसांसाठी

पट्ट्या बदलताना खरी कसोटी हाताची असते. पट्ट्या आणि पॅनेल यांच्यामध्ये प्रकाश पसरवणारे पांढरे पापुद्रे असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं. मोठ्या पडद्याला दोन माणसं लागतात. काच वाकली की तडकते. पापुद्र्यांचा क्रम चुकला किंवा त्यांवर बोटांचे ठसे राहिले की चित्रात डाग दिसतात. म्हणून काम देण्याआधी एकच गोष्ट स्पष्ट करून घ्यावी : उघडताना काच फुटली तर भरपाई कोणाची?

आणखी एक सौदा नाकारावा. 'फक्त गेलेला एलईडी बदलतो' हे स्वस्त पडतं, पण बाकीचे त्याच्याच वयाचे आणि तेवढेच तापलेले असतात. काही महिन्यांत त्यातला दुसरा गेला की पुन्हा काच उघडायची वेळ येते. सगळ्या पट्ट्या बदलून, जमल्यास ड्रायव्हरचा प्रवाह थोडा कमी करून घेतला, तर पडदा किंचित मंद होतो पण काम टिकतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पट्ट्या शोधायच्या असतील, तर टीव्हीच्या मॉडेल नंबरबरोबर पॅनेलचा आणि पट्टीवर छापलेला क्रमांकही हवा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेलं बसवलेली असू शकतात.

हिशेब ढोबळमानाने असा. वायर किंवा सेटिंग असेल तर खर्च शून्य. बॅकलाइट असेल तर दुरुस्ती बहुधा परवडते, कारण बाकी संच ठीक आहे याचा पुरावा तुमच्याकडे आहे. टीकॉन किंवा मदरबोर्ड असेल तर त्याच क्रमांकाची पाटी मिळते का यावर गणित. पॅनेल गेलं असेल तर त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, आणि वॉरंटी नसेल तर नवा संच घेणं शहाणपणाचं. वॉरंटीत असताना टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही सुरू केलं आहे. टाकायचा टीव्ही भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. जुन्या, ट्यूबलाइटींच्या संचात पारा असतो.

मेकॅनिकला फोन करताना "टीव्ही बंद पडलाय" म्हणू नका. "आवाज येतो, लावल्यावर क्षणभर चित्र चमकतं, टॉर्चने मेनू पुसट दिसतो," एवढं सांगा. येताना तो योग्य पट्ट्या बरोबर आणेल, आणि "मदरबोर्डच गेलाय" असं तुम्हाला सहज सांगू शकणार नाही.